किंगपिनचं माप

बुद्धप्रियाची फियाट ताशी चाळीसच्या पुढे गेली की स्टीअरिंग हातात थडथडायचं. बिरुदेव मिस्त्रीने जॅक लावला आणि पुढचं चाक धरून हलवून दाखवलं. चाक ज्या पिनेवर डावीउजवीकडे वळतं ती किंगपिन झिजली होती, दोन्ही बाजूंची. हा माल येणं बंद होऊन जमाना झाला, आता भंगारात द्या, असं त्याने स्पष्टच सांगितलं.

तिचे वडील यशपाल यांचंही तेच म्हणणं पडलं. रेल्वेच्या नोकरीत असताना त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हा गल्लीतली ती पहिलीच. निम्म्या गल्लीच्या बाळंतिणी तिच्यातून सिव्हिलला गेल्या होत्या. आता त्यांचे हात कापायचे, म्हणून गाडी लेकीच्या नावावर केलेली.

"सोड बाई नाद," ते म्हणाले.

"पिन गेलीय आबा, गाडी नाही गेली," ती म्हणाली आणि मागे लागली.

शहरातली दुकानं पालथी घातली, पुण्याला, हैदराबादला फोन केले. एकाने जोडी पाठवली, तीही झिजलेलीच निघाली. शेवटी ती पूर्व भागात नरसय्यांकडे गेली. यंत्रमागाचे सुटे भाग लेथवर करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी जुनी पिन बोटांत फिरवून पाहिली. करून देतो, पण न झिजलेल्या पिनेचं माप आणा. चाकाचं काम मी अंदाजाने करणार नाही, म्हणाले.

तेव्हा बिरुदेवला आठवलं. नवी जोडी त्याने शेवटची बसवली ती मंद्रूपच्या ईश्वरप्पांच्या फियाटला. जोडी बसवल्यावर दोन महिन्यांतच ते वारले आणि गाडी अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती.

रविवारी दोघं मंद्रूपला गेली. ईश्वरप्पांच्या पत्नी सिद्धम्मा ओट्यावर बसल्या होत्या. पिनेचं नाव काढताच त्यांचा चेहरा कडक झाला.

"मालकांची गाडी हाय ती. मोडून वाटायला भंगार न्हाय."

बिरुदेव उठलासुद्धा. बुद्धप्रिया मात्र हलली नाही. "मला विकत नको मावशी. काढून मोजते, आणि तुमच्यासमोर परत बसवते."

"आन् न्हाय बसली तर?"

"बसेपर्यंत मी हितनं जात नाही."

म्हातारीने तिला एकदा नीट न्याहाळलं आणि शेडची किल्ली दिली.

पण अकरा वर्षांच्या गंजाने पिन जाम झाली होती. घण घालून घालून बिरुदेवचे खांदे भरून आले, तरी ती सूतभर सरकेना. डिझेल ओतून ठेवलं आणि पुढच्या रविवारी यायचं ठरलं. त्या रविवारी येऊन बघतात तर पिनेच्या बुडाशी डिझेलचं ताजं थारोळं. सिद्धम्मा आठवडाभर रोज दोन वेळा ओतत होत्या.

चौथ्या घावाला पिन निघाली. बुद्धप्रिया कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेतलं व्हर्नियर तिने परवानगी घेऊन आणलं होतं. पिन आणि ती ज्यांच्यात फिरते त्या बुश, तीन ठिकाणी, दोनदोनदा मोजून तिने आकडे लिहिले. मग पिन साफ करून ग्रीस लावून जागच्या जागी बसवली. चाक चढल्यावर सिद्धम्मांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि जोर लावून पाहिला.

"हलत न्हाय," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी बुद्धप्रियाच्या हातावरचं काळं ग्रीस आपल्याच पदराने पुसलं.

नरसय्यांची पहिली जोडी घट्ट झाली, स्टीअरिंग वळेना. दुसरीच्या बुश सैल. बिरुदेव कंटाळला, पण नरसय्या आणि ती, दोघंही हट्टाला पेटले होते. तिसरी जोडी तेल लावून हाताने आत सरकली आणि तिथेच बसली.

विजापूर रोडला आबा शेजारी बसले होते. काटा साठवर गेला. त्यांनी तिला क्षणभर स्टीअरिंग सोडायला सांगितलं. तिने बोटं अलगद उचलली. गाडी सरळ चालत राहिली. थोड्या वेळाने आबा क्लचवर पाय ठेवून चालवतेस म्हणून पूर्वीसारखे खेकसले, आणि तिला हसू आलं.

मापाचा कागद नरसय्यांनी लेथच्या वर भिंतीला चिकटवला. महिन्याभराने मोडनिंबहून एका माणसाचा तिला फोन आला, नंबर नरसय्यांनी दिलेला. त्याच्याकडेही फियाट होती, आणि सगळे म्हणत होते, विकून टाक.

बुद्धप्रियाने त्याला विचारलं, "चाक हलतंय का नुसतं स्टीअरिंग?"