बावीस पायऱ्या आणि सातवा विषय

नेदर लिंटनच्या पॅरिश कौन्सिलच्या हातात फार मोठ्या गोष्टी नाहीत. बसथांब्याचा निवारा, दफनभूमीतलं गवत, तीन बाकं, कुत्र्यांच्या घाणीसाठी दोन पेट्या आणि सूचनाफलकाची किल्ली. मी या कौन्सिलवर अकरा वर्षं आहे. इतक्या काळात आमच्या हातून कुणाचं वाईट झालेलं नाही. आमच्या हातून काही होतच नाही, असं काही लोक म्हणतात. ते बैठकीला येत नाहीत, तरी त्यांना कसं कळतं देव जाणे.

विनिफ्रेड प्रॉबर्ट मात्र बैठकीला यायच्या. वय एकोणऐंशी, उजव्या हातात काठी. घर चर्चच्या मागे टेकाडावर. तिथून बसथांब्याला उतरायचं तर बावीस दगडी पायऱ्या. त्यांचे यजमान हॅरल्ड दोन वर्षांपासून ऑर्लबरीच्या वृद्धाश्रमात आहेत. आमच्याकडे बस आठवड्यातून एकदा येते, बुधवारी, नऊ वीसला. गेल्या जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ धरलं आणि विनीबाईंचे सलग पाच बुधवार हुकले. सहाव्या बुधवारी त्या पोचल्या, तेव्हा हॅरल्डनी उठून खुर्ची पुढे केली आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

मार्चच्या बैठकीत विनीबाई उभ्या राहिल्या. "त्या पायऱ्यांना कठडा हवाय. पुढच्या बर्फाच्या आत."

गावकऱ्यांना बोलायला आम्ही तीन मिनिटं देतो. आमचे चिटणीस सायरिल टफ्नेल त्यासाठी अंडी उकडताना लावायचं घड्याळ घेऊन येतात. विनीबाईंना चाळीस सेकंद पुरली. उरलेला वेळ आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलो.

"विषयपत्रिकेवर नाही, तेव्हा निर्णय घेता येणार नाही," चेअरमन ह्यूबर्ट लँगली म्हणाले. "नोंद घेतली आहे."

एप्रिलमध्ये नोंद घेतली. मेमध्ये पायऱ्या आपल्या नसून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलच्या, असाव्यात असं ठरलं. जूनमध्ये काउंटीनं कळवलं की त्या त्यांच्या नाहीत. जुलैमध्ये आम्ही त्या पत्राचीही नोंद घेतली.

लँगली माणूस वाईट नाही. पण गावाच्या कॅलेंडरसाठी दर वर्षी फोटो तेच काढतात, आणि ऑक्टोबरच्या पानावर त्या पायऱ्या असतात.

"तीनशे वर्षं त्या पायऱ्या कठड्याशिवाय आहेत, मिसेस प्रॉबर्ट."

"त्यांना कुठे चालायचंय, चेअरमनसाहेब."

सप्टेंबरात आमचे एक सदस्य गाव सोडून मुलीकडे राहायला गेले. रिकाम्या जागेची सूचना फलकावर लागली. अशा सूचना आमच्याकडे ऊन खाऊन पिवळ्या पडेपर्यंत टिकतात. ही दुसऱ्या दिवशीच निकामी झाली, कारण विनीबाईंचा अर्ज आला. स्वीकृत सदस्य व्हायला काय लागतं? तर अर्ज एकच असावा लागतो.

"आपण कौन्सिलला काय देऊ शकाल?" लँगलींनी रीतसर विचारलं.

"बुधवार सोडून सगळे दिवस."

ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय होता: पायऱ्यांना कठडा. तिथवर आल्यावर लँगलींनी चष्मा काढला.

"श्रीमती प्रॉबर्ट त्या पायऱ्या स्वतः वापरतात. म्हणजे त्यांचा हितसंबंध आहे. चर्चेच्या वेळी त्यांनी बाहेर जावं."

आमच्याकडे ज्याचा हितसंबंध असेल तो दालनाबाहेर पडवीत, छत्र्या ठेवायच्या जागेशी उभा राहतो. जुनी रीत आहे. विनीबाई काठी टेकून उठल्या.

"जाते की. नियम सगळ्यांना एकच ना?"

"अर्थातच."

"मग त्या पायऱ्या वापरणारे सगळेच चला माझ्याबरोबर."

सदस्यांपैकी आधी ग्लेनिस ऑर्म उठली. ती रोज कुत्र्याला त्याच वाटेनं नेते आणि तिला खोटं बोलता येत नाही. तिच्यामागून वेस्टकॉट पितापुत्र उठले. त्यांच्यामागून चर्चचा घंटावाला. मलाही उठावं लागलं, कारण पब त्या पायऱ्यांच्या खाली आहे. आत उरले लँगली, जे सगळीकडे मोटारीनं जातात, आणि चिटणीस टफ्नेल, ज्यांना मत नसतं.

पडवीत गारठा होता.

"अगं विनी, आता गं?" ग्लेनिस कुजबुजली.

"आता उभं राहायचं. तुला पाय दुखतायत का?"

"नाही."

"मग झालं."

दार अर्धवट उघडं होतं. आतून लँगलींचा आवाज आला. "आत तीन सदस्यही उरले नाहीत, म्हणजे कोरम नाही. विषय तहकूब. पुढच्या महिन्यात बघू."

टफ्नेल खाकरले. एकोणीस वर्षांत ते वाचून दाखवण्यापलीकडे काही बोललेले नव्हते. "कोरम तुटत असेल तर सदस्यांना चर्चेला बसायची मुभा देता येते, साहेब. अर्ज लेखी हवा."

"कोण देणार मुभा?"

"मी."

"हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच. बारा वर्षांपूर्वी ठराव मांडला होता तुम्ही. मी नोंद घेतली होती."

विनीबाईंनी पिशवीतून सहा कागद काढले. अर्ज लिहून तयार होते, फक्त सही बाकी. त्यांनी पेनही आणलं होतं. पुरुषांपैकी कुणाकडे पेन नसणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं आणि ते बरोबर होतं. भिंतीवर कागद टेकवून आम्ही एकामागून एक सह्या केल्या. टफ्नेल दारात आले, कागद उजेडाकडे धरून वाचले आणि म्हणाले, "मंजूर. आत या, चहा निवतोय."

ठराव मांडला ग्लेनिसनं, अनुमोदन दिलं मी. कठडा बसवायला कुणाचीच हरकत उरली नव्हती, म्हणून मग रंगाला हरकती आल्या. काळा की गडद हिरवा, यावर पस्तीस मिनिटं गेली. थोरल्या वेस्टकॉटनी उपसमिती नेमायची सूचना केली.

"उपसमिती नको," विनीबाई म्हणाल्या. "रंग तुम्हाला हवा तो द्या. पण उतरताना डाव्या हाताला बसवा. उजव्यात काठी असते. आणि नोव्हेंबरच्या आत."

हे सगळं ठरावात शब्दशः गेलं. मतं सहा. लँगली तटस्थ राहिले आणि गडद हिरव्याचा आग्रह त्यांच्या नावानं नोंदवून घेतला.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी बर्फ धरलं. मी सकाळी पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभा राहिलो. कौन्सिलच्या कामाची पाहणी, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. विनीबाई वर दिसल्या. काठी उजवीकडे, हातमोजा घातलेला डावा हात कठड्यावर. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, घाई न करता त्या खाली आल्या. नऊ सतराला थांब्यावर होत्या.

"आता ओळखतात का हॅरल्ड?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"एखाद्या बुधवारी ओळखतात. कुठल्या, ते आधी सांगत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि वळणावरून येणाऱ्या बसला त्यांनी काठीनं हात केला.