घोडीच्या पाठीवरचं ऊन

हेमंतातलं कोवळं, केशरवर्णी ऊन कोकणातल्या कापलेल्या भातखाचरांवर पसरलं होतं. दवभरल्या बांधांवरून, सोनसळी धसकटांतून मेंढ्यांचा शुभ्रश्यामल प्रवाह संथ वाहत होता. प्रवाहाच्या शेवटी, बिऱ्हाड लादलेल्या घोडीचा कासरा धरून ठकूबाई चालत होती.

परवा दूर माणदेशातून तिच्या लेकीचा फोन आला होता. पहिलटकरीण शेवंता. “आये, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात निघालोय.” एवढंच कानी पडलं आणि चार्जिंग संपून मोबाइल विझला. रानात ना तार, ना खांब. तेव्हापासून त्या इवल्या काळ्या काचेत अथांग मौन साकळून राहिलं होतं.

आज पहाटे भाच्यानं घाटावरून घडीची सोलर प्लेट आणून दिली. ठकूबाईनं ती घोडीच्या पाठीवर, वाकळांवर उलगडून बांधली. नीलकृष्ण, नितळ, जणू डोहाचा एक तुकडा. तिची वायर वाकळेच्या घडीतल्या मोबाइलला जोडली.

माध्यान्ही वडाची घनशीतल सावली आली. “घोडी दमलीया,” तिचा नवरा धुळाबा म्हणाला. “जरा टेकू.”

“सावलीत नगं,” ठकूबाई म्हणाली. “ऊन तुटंल.”

 धुळाबानं घोडीवरची भांडी सोडली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पुढं झाला.

चालता चालता ठकूबाईला वाटलं, आभाळालाच पान्हा फुटलाय. तेजाची धार थेंब थेंब उतरतेय. संथ, उबदार, अखंड. कासरा धरलेल्या तिच्या हातालाही ती ऊब जाणवत होती.

सांज जांभळी झाली. खाचरात जाळं ताणून मेंढ्या कोंडल्या, तेव्हा ती काळी काच उजळली. धुळाबानं नंबर लावला, स्पीकर सुरू केला. वाजत राहिला. वाजतच राहिला. ठकूबाईनं मोबाइल आपल्या हाती घेतला.

“आये,” शेवंताचा थकला, ओला स्वर आला. “लेक झाली. दोघी बऱ्या हाईत. ही ऐक.”

आणि त्या कोवळ्या काळोखात एक तान्हं रडणं उमललं. तलम, थरथरतं, नवं.

जाळ्याआड, दुधानं तटतटलेल्या एका मेंढीनं मान उंचावली. आपलंच कोकरू समजून तिनं हाळी दिली. मग दुसरीनं. मग तिसरीनं. ठकूबाईनं मोबाइल तळहातावर उंच धरला. आणि खाचराखाचरांतून, बांधाबांधांवरून घुमेल अशी ओ सगळा कळप त्या पोरीला देत राहिला.