घानाची रेघ

शेलूबाजारच्या आरा मशीनवर देवमनने तीस वर्षं लाकूड कापलं. ओंडका मशीनवर चढवण्याआधी तो त्यावर एक सुपारी ठेवायचा आणि आत जो कोणी राहत असेल त्याला सांगायचा, "बाप्पा, आता दुसऱ्या झाडावर जाय." वर झाडाचा पत्ताही द्यायचा. नाल्याकाठची चिंच, नाहीतर देवीजवळचा पिंपळ. उठवायचं तर जागा दाखवायची, ही त्याच्या बापाची शिकवण. मालक शिखरचंद शेठ हसायचे, पण सुपाऱ्या तेच आणून द्यायचे.

मग ब्रह्मदेशाने सागवानाचे ओंडके देणं बंद केलं आणि आफ्रिकेतल्या घानाचा माल ट्रकांनी येऊन पडला. लग्नसराईचे पलंग अडलेले, शेठ डोक्यावर बसलेले. त्या एका हंगामात देवमनने कोणालाच विचारलं नाही.

आता म्हातारपणी त्या ओंडक्यांत राहणारे ते सगळे त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले होते. तेही दिवसाढवळ्या! ताट पुढे आलं की तो म्हणायचा, "एवढे जण उपाशी उभे हायेत, मी कसा जेवू?" पाच दिवस नुसत्या पाण्यावर काढले. डॉक्टरांनीही हात टेकले.

त्याच्या मुलीला, वैजयंतीला, रडू यायचं आणि रागही यायचा. ती वाशीमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. कोणत्या देशाने किती टणक लाकूड बाहेर विकलं, याची वीस वर्षांची तुलना हा तिचा प्रबंध. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, असं ती सगळ्यांना सांगायची. हल्ली मात्र अंगणातून जाताना ती भिंतीच्या कडेकडेने जायची, कोणाला धक्का लागू नये म्हणून.

सहाव्या दिवशी दुपारी देवमन म्हणाला, "पोरी, तुह्या त्या आकड्यात पाह्य बरं. त्याइच्या मुलखात झाडं उभी हायेत का? असतीन तं पाठवून देतो."

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. ब्रह्मदेशाची रेघ घसरून तळाला टेकलेली, घानाची वर वर चढत गेलेली.

"घानाचं तं वाढूनच राह्यलं!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "म्हंजे लय रान असन तिकडं."

वैजयंतीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रेघ रानाची नव्हतीच, तोडून विकलेल्या लाकडाची होती. जितकी ती वर, तितकी झाडं आडवी. उभी किती उरली, याचा रकाना तिच्या साऱ्या तक्त्यांत कुठेही नव्हता, आणि तो असावा असं तिला वीस वर्षांचे आकडे गोळा करताना एकदाही सुचलं नव्हतं. विद्यार्थ्यांची दशांशाची चूक खपवून न घेणारी ही बाई. तिने बापाच्या वर आलेल्या बरगड्यांकडे पाहिलं.

"हाय बाबा. लय रान हाय."

देवमन चौकट धरून उठला, अंगणात गेला आणि हात जोडले. "चुकलो बाप्पाहो, तवा इचारलं नाई. आता घरी जा. घानात लय झाडं हायेत." मग तो थांबला, कोणीतरी काही विचारावं तसा कान देऊन. "मी कायले पाहू? माही वैजयंती शिकेल हाय, तिनं पाह्यलं. झाड नाई भेटलं तं वापस येजा, अन् तिलेच इचारजा."

आत येऊन त्याने भाकर मागितली. दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी. वैजयंती वाढत राहिली. अंगण कितीतरी दिवसांनी रिकामं वाटत होतं, आणि त्यांना तिथवर जाऊन परत यायला किती दिवस लागतील, हे ती मनातल्या मनात मोजू लागली.