पाटीवरची जागा

"गिळलं! परत गिळलं!" आक्कांनी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या शिलाई मशीनवरची रिळं गडगडत खाली गेली. "सूनबाई, हे तुझं यंत्र उपाशी आहे का गं?"

संगणकाच्या पडद्यावर दुकानाच्या नव्या पाटीचा मजकूर होता: 'बंधू टेलर्स'. थोरल्या लेकाने टाइप केलेला. दुपारी रंगारी तो न्यायला येणार होता. आक्कांना त्याच्या आधी फक्त 'आई व' एवढंच घालायचं होतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, एका बोटाने त्यांनी ते घातलं, तर 'बंधू' साफ! उरलं 'आई व टेलर्स'.

"बघ, तुला घेतलं की आम्ही गेलो," थोरला कात्री चालवत हसला. "राहू दे ना आई. पाटीवर कुणी आई लिहितं का?"

"नसेल लिहीत. तू रांगत होतास तेव्हा या दुकानात मशीन कोण मारत होतं? तुम्ही बंधू?"

धाकट्याने मान खाली घालून बटणं लावायला घेतली. त्याचं नेहमीचंच. वाद आला की बटणं.

सून हात पुसत आली. तिने कीबोर्डाच्या कोपऱ्यातली कळ दाखवली. "रोज सकाळी तुम्ही हे ओल्या फडक्याने शेगडीसारखं घासता ना, तेव्हा ही दाबली जाते. मग नवं अक्षर जुन्याला खातं."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"मी कुठे म्हटलं?"

"डोळ्यांनी म्हटलंस."

सुनेने कळ दाबली आणि गिळलेले 'बंधू' परत आणले. आक्कांनी पुन्हा बोट टेकवलं. 'आई' आली, आणि 'बंधू' मुकाट्याने पुढे सरकले. इतक्या निमूटपणे या घरात कधी कुणी सरकलं नव्हतं.

दुपारी रंगाऱ्याने छापलेला कागद पाहून डोकं खाजवलं. "आक्का, फळी कापून झालीय. एवढं बसायचं नाही. 'आई' वर कोपऱ्यात बारीक लिहू?"

"हां, तेच बरं," थोरला घाईने म्हणाला.

"नाही," आक्का म्हणाल्या. "सगळंच बारीक लिही. सारखं."

कात्री थांबली. धाकट्याने बटणावरून मान वर केली. "तसंच लिहा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी ओलं फडकं घेऊन कीबोर्ड पुसला. कोपऱ्यातली ती कळ मात्र त्यांनी वगळली, झोपलेल्या पोराच्या कडेकडेने केर काढावा तशी.