काचेच्या खोलीतला वास

“झाकण उघडलं की आधी नाक, मग हात. पाणी चांगलं असेल तर नाकाला काही कळणारच नाही. काही कळलं, तर हात न घालता मला फोन करायचा.”

टब बसवून गेलेल्या मेकॅनिकचं हे बोलणं माझ्या कानात पक्कं बसलं होतं. घराच्या मागे काचा लावलेली लांबट खोली आहे, पूर्वी तिथे आम्ही कपडे वाळत घालायचो. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की रोज सकाळी गरम पाण्यात बसून पाय हलवले तर बाबा पुन्हा नीट चालतील, नाहीतर सांधा आखडून बसेल. म्हणून आमचे हे आणि धाकटे भावोजी, दोघा भावांनी मिळून हा टब आणला. खाली मोटर, कडेला बटणांची पट्टी, वर गादीसारखं जाड झाकण. देखरेख माझ्याकडे आली. घरात नेमाने काही करायचं असलं की ते फिरून माझ्याकडेच येतं.

माझे स्वतःचे नेम फार मोठे नाहीत. उठल्यापासून जप आणि वाचन पूर्ण होईपर्यंत मौन, आणि दिवसभरात कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. वाईट मनातही आणायचं नाही, असा नेम मात्र मी कधी घेतला नव्हता. त्या दिवसांत ती पळवाट मी अगदी पुरेपूर वापरली.

पहाटे उठून मी टबाकडे जायची. तेव्हा पट्टीवरचा दिवा लागलेला असायचा, मोटर खालच्या आवाजात गुणगुणत असायची. झाकण उचलून नाक, मग हात, मग कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघणं, रंग फिका आला तर चमचाभर औषध. बाबा उतरायच्या बऱ्याच आधी हे सगळं आटोपून मी आतल्या खोलीत देवासमोर बसत असे.

पहिला महिना नाकाला काही कळलं नाही. मग कळायला लागलं. आधी ओले मोजे बुटात राहून गेल्यासारखं काहीतरी. पुढे फुलदाणीत विसरलेलं पाणी ओततो ना आपण, तसं. मी औषध वाढवलं, तर त्या वासावर औषधाचा वास चढला आणि दोन्ही मिळून डोळ्यांत पाणी आलं.

मेकॅनिक आला. त्याने सगळं पाणी काढून टाकलं, नळ्यांतून कसलंसं द्रावण फिरवलं, गाळणी धुतली, झाकणाच्या शिवणी हुंगून पाहिल्या आणि टब नवीन पाण्याने भरून दिला. आठवडा गेला नसेल, फुलदाणी परत हजर. त्याला फोन लावला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, आणि माझे हात खरकटे म्हणून फोन स्पीकरवर होता. तिथेच चुकलं.

“मोटर दिवसभर मधूनमधून आपोआप फिरते ना?” त्याने विचारलं.

“फिरते,” मी म्हटलं. रोज पहाटे ऐकत होते ना मी.

“मग पाण्यात कुणीतरी अंगाला काही लावून उतरतंय. तेल, क्रीम, अत्तर, असलं काही. त्याने पाणी झटकन बिघडतं. घरात जरा बघा.”

घरात बघायची गरजच पडली नाही. सगळ्यांच्या माना माझ्या धाकट्या जावेकडे वळल्या. ती प्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. गिऱ्हाइकांना दाखवायला दिवसभर स्वतःच्या हातावर क्रीम चोपडते आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा पाच वासांचं मिळून एक माणूस दारातून आत येतं.

“घ्या,” भावोजी स्वतःच्याच बायकोला म्हणाले. “चोर सुगंधी निघाला.”

“मी कशाला उतरू त्या डबक्यात? मला दुकानातून आल्यावर टेकायला वेळ नसतो.”

“डबकं म्हणू नकोस. बाबा बसतात त्यात,” आमचे हे म्हणाले.

“बाबा बसतात म्हणूनच म्हणतेय. त्यांना विचारा की ते काय लावून बसतात.”

बाबा ताटातला भात बोटाने सारखा करत होते. “मी साबणाने अंघोळ करतो, मग बसतो,” ते म्हणाले. “तो मेकॅनिक सांगून गेलाय तसंच.”

मी काहीच बोलले नाही. माझा नेम शाबूत राहिला. पण गप्प बसणाऱ्या माणसाचा चेहरा किती बोलतो, हे तिच्या बघण्यावरून मला कळलं.

त्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागले. पट्टीवर एक घड्याळ आहे, मेकॅनिकने ते बरोबर लावून दिलं होतं. ते आता रोज पहाटे शून्याशून्यांवर लुकलुकायचं. म्हणजे दिवसा कुणीतरी बटणं दाबतंय. काचेच्या खोलीच्या दारात टॉवेलांची दोरी आहे. तिथला तिचा निळा टॉवेल मला नेहमी जरा जास्तच दमट वाटायला लागला. एका संध्याकाळी तो मी नाकाशी धरला आणि मागे बघते तर ती उभी.

“ताई, टॉवेल हुंगताय माझा?”

“वाळलाय का बघत होते गं.”

“वाळलाय का ते हाताने बघतात.” तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली. आवाज चढवला नाही. “आम्ही एक खोली बघितलीय, बाबांनाही सांगितलंय. बसथांब्याच्या पलीकडे. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत फोन करून त्यांना हो सांगणार आहे मी.”

“अगं, एवढ्यावरून?”

“एवढंच आहे का हे? घरातली माणसं माझा वास घेत फिरतात. मी राहू कशी इथे, तुम्हीच सांगा.”

बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्री उशाशी हीच बसली होती. मी जपाला बसायचे म्हणून सकाळचा चहा घरातल्या पुरुषांना हीच द्यायची. ती गेली की भावोजी जाणार, आणि मग या घरात मी, हे, आणि जेवताना न हसणारे बाबा. बाबांना हसवायचं कसब घरात तिच्या एकटीकडे होतं. हे सगळं मला दिसत होतं, तरी मन म्हणत होतं की मग खरं बोलून का टाकत नाही? उतरले असेन एकदा, दमले होते, असं म्हणाली असती तर कुणी काय केलं असतं?

शुक्रवारी दुपारी तिला रंगेहाथ पकडावं असं मी ठरवलं. तिचं दुकान जवळ आहे, ती दुपारी जेवायला घरी येते. मी काचेच्या खोलीत चादरी वाळत घातल्या आणि त्यांच्या मागे बादली पालथी घालून बसले. जपाला बसते तशी ताठ. माझ्या वयाच्या बाईने असं बसणं शोभत नाही हे ठाऊक होतं, म्हणून माळ हातात घेतली होती. मणी मात्र एकही ओढला नाही.

फाटक वाजलं. ती आली, जेवली. ताटली विसळल्याचा आवाज आला. स्वतःशी काहीतरी गुणगुणली, मग एकदम थांबली, जणू या घरात गुणगुणणं बंद आहे हे आठवलं. फाटक पुन्हा वाजलं. टबाकडे ती फिरकलीसुद्धा नाही.

मी तशीच बसून राहिले, आणि हळूहळू मला ती शांतता ऐकू यायला लागली. मोटर दिवसभर मधूनमधून फिरणार होती. मी येऊन केव्हाची बसले होते, चादरी वाळत आल्या होत्या, आणि टबातून हूं की चूं नाही. उठून पट्टीवरची झाकणाची झालर वर केली. पट्टी काळी. भिंतीवर, टॉवेलांच्या मागे, टबाचं मोठं बटण आहे. ते बंद होतं.

माझ्या मनात पहिलं काय यावं? की बघा, आता जाता जाता बटणही बंद करून गेली. पण ती तर या खोलीत आलीच नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बटण चालू केलं. पट्टी उजळली आणि घड्याळ शून्याशून्यांवर लुकलुकायला लागलं, रोज पहाटे लुकलुकायचं अगदी तसं. म्हणजे घड्याळाला कुणी हात लावत नव्हतं. रोज कुणीतरी टबाची वीजच तोडत होतं, आणि पहाटे मी यायच्या आधी पुन्हा जोडत होतं. पाणी दिवसभर आणि रात्रभर नुसतं झाकणाखाली कोंडून पडत होतं. नळ्यांतलं तर हलतही नव्हतं. कुठलंही पाणी नासेल अशाने.

मी बटण परत बंद केलं आणि कुणाला काही बोलले नाही. संशय घ्यायला आता माणूस उरला नव्हता, आणि तरी संशय जात नव्हता. हे? भावोजी? कशासाठी?

शनिवारी पहाटे मी माझं आसन हलवलं. देवासमोरच बसले, पण दाराच्या बाजूला, जिथून काचेच्या खोलीचा कोपरा दिसतो. मौन चालू होतं, वाचन चालू होतं. बाबा टबात बसले, पाय हलवले, कठड्याला धरून बाहेर आले, अंग पुसलं. झाकण ओढून घेतलं. मग हात अगदी कोरडा केला, एकदा टॉवेलाला, एकदा सदऱ्याला पुसून, आणि बोटाच्या मागच्या बाजूने बटण खाली केलं. दोन पावलं गेले. परत आले. पट्टीची झालर उचलून दिवा गेल्याची खात्री केली. पुन्हा बटण चाचपलं. तेव्हा कुठे गेले.

उरलेली पानं मी कशी वाचली ते देवालाच माहीत. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि ओळीवरून डोळे फिरताहेत पण आत एकच, धाकटीच्या जेवणाच्या सुट्टीला किती वेळ उरला. पुस्तक मिटलं आणि तशीच बाबांच्या खोलीत गेले. ते केस विंचरत होते.

“बाबा, टबाचं बटण तुम्ही बंद करता?”

“मग? चालू ठेवायचं?” त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “काम झालं की बंद. पहाटे जाग आली की चालू करतो, माझी बसायची वेळ होईपर्यंत तापतं पाणी. का?”

“ते बंद करायचं नसतं. मोटर दिवसा आपोआप फिरते, पाणी गाळते. ती फिरली नाही म्हणून वास येतो.”

बाबांचा कंगवा थांबला. नाटकगृहातले दिवे सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. खेळ संपला, माणसं गेली, की सगळ्यात शेवटी विजेचा मोठा दांडा खाली ओढून बाहेर पडायचं, हे त्यांचं काम.

“एकदा दुसऱ्या पाळीवाल्याने एक दिवा तसाच ठेवला होता,” ते म्हणाले. “पडद्याला लागून. सकाळी आम्ही आलो तर आत शिरायला दारच राहिलं नव्हतं. इथे तर पाणी आहे, सूनबाई. पाण्यात वीज सोडून मी झोपू?”

“मेकॅनिक म्हणालाय, जरा काही बिघडलं तर वीज आपोआप तुटते म्हणून.”

“आपोआप तुटेल, असं आमच्या त्या पाळीवाल्यालाही वाटलं होतं.”

बाबा पलंगाच्या काठावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हणजे ती उतरलीच नव्हती.”

“नाही.”

“आणि मी तिथे ताटाशी बसून साबणाचं सांगितलं.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा. संशय मी घेतला.”

“तू काय बोललीस का?”

“बोलले नाही. टॉवेल हुंगला.”

बाबांनी वर पाहिलं. हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. “घरात कुणाला सांगू नकोस,” ते म्हणाले. मग लगेच मान हलवली. “नको, सांग सगळ्यांना. पण आधी तिला कळायला हवं, आणि माझ्याकडून. तिने त्या खोलीवाल्यांना फोन करायच्या आत मी तिला सांगेन. शब्द देतो तुला.”

“मी फोन लावून देते ना. बोला तुम्ही.”

“फोनवर ती काउंटरपाशी उभी असणार, पुढ्यात गिऱ्हाईक. हो बाबा, बरं बाबा म्हणेल आणि ठेवून देईल. मी जातो.”

“दुकानापर्यंत? तुम्ही अजून फाटकाबाहेर गेला नाहीत. रिक्षा बोलावते.”

“रिक्षातून उतरून माफी मागायची म्हणजे पाहुणा आल्यासारखं होईल,” ते म्हणाले. “आणि हे बघ, बटण तू चालू कर. मी असताना नको. मला बघवणार नाही.”

त्यांनी कपाटातून धुतलेला सदरा काढून घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, काठी घेतली. मी मदतीला पुढे झाले तर हाताने थांब म्हणाले. पायऱ्या उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग दुसरा, व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं तसं. शेजारच्यांनी हाक मारली तर उभं राहून बोलावं लागेल, म्हणून की काय, त्यांनी फाटकाची कडी आवाज न होऊ देता सरकवली. मी दारातच थांबले. ते भिंतीच्या बाजूने, एका हाताने मधूनमधून तिला शिवत, दुकानाच्या दिशेने चालायला लागले.