बाबांची शिंक

धाकटीला घरात खुळखुळा म्हणत. तिला हसायला कारण लागत नसे. चमचा खाली पडला तरी ती हसे, आणि तो उचलायला वाकलेली ताई दिसली की आणखी हसे. दुसऱ्या कुठल्या शहरात अशा मुलीचं कौतुक झालं असतं. या शहरात पंधरावं सरलं की मुलांच्या मनगटाला मापक बांधत. तीन अधिकारी समोर बसून हसवत, रडवत, घाबरवत, आणि काटा पाचाच्या वर गेला की मुलाची रवानगी सुधारघरात. काटा खाली राहिला तर पितळी बिल्ला मिळे. बिल्ला असला की हवं ते काम करा, हवं तिथे राहा, पूल ओलांडून जा. याला तिथे स्वातंत्र्य म्हणत. आता काय बोलणार!

मोठ्यांची तपासणी दरवर्षी होई. दोन वर्षांपूर्वी बाबा तिथे शिंकले. शिंक आली की भिंतीकडे वळून रागवायचं ही त्यांची घरातली जुनी सवय. "अहो भिंतकाकू, तोंडापुढे रुमाल धरा की!" अधिकाऱ्यांसमोरही ते तेच बोलून गेले आणि स्वतःच हसत सुटले. काटा चाळिसावर. बाबा सुधारघरात गेले ते गेलेच. आई त्याआधीच वारली होती, त्यामुळे घरात दोघी बहिणीच उरल्या.

ताई मापकांच्या दुरुस्तीखान्यात कामाला होती. दिवसभर चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवायची, काचेवर टिचकी मारायची, काटा शून्यावर स्थिरावला की मापक खोक्यात ठेवायचा. धाकटीच्या परीक्षेला तीन महिने उरले तेव्हा तिने मोडीत काढलेला एक मापक जेवणाच्या डब्यात लपवून घरी आणला, उघडून नीट केला आणि बहिणीच्या मनगटाला बांधला.

"मी काहीही केलं तरी काटा हलता कामा नये. कळलं?"

"तू असं तोंड केल्यावर कसा नाही हलणार गं?" खुळखुळा म्हणाली, आणि काटा तिसावर.

ताईची पद्धत सोपी होती. जी गोष्ट जिवाभावाची, तीच घ्यायची आणि विटेपर्यंत वापरायची. मेलेल्या मांजरीचं नाव रोज पन्नास वेळा. आईचा फोटो जेवताना समोर. आवडतं गाणं तर इतक्यांदा की शेवटी ताईच्याच डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली. एकेका गोष्टीवर काटा उतरत गेला. खुळखुळा मन लावून शिकत होती, कारण काटा उतरला की ताई खूश व्हायची.

शेवटी एकच गोष्ट उरली. बाबांची शिंक.

ताईने स्वतःच्या परीक्षेआधी ती सरावात घेतली नव्हती. तेवढी एक हातची राखून ठेवली होती. कामावर दिवस वाईट गेला की ती तोंडावर पांघरूण ओढे, भिंतकाकूंना आठवे आणि दात घट्ट आवळून हसे. त्या एवढ्याशा हसण्यावर तिने सात वर्षं काढली होती. हे तिने बहिणीला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पण बाबांच्या कागदांवर शिंकेची नोंद असणार, अधिकारी नेमकी तीच काढणार, ही धास्ती तिच्या मनात बसली होती. परीक्षा चार दिवसांवर आली तरी शिंकेला काटा अकरावर जाई.

"ताई, एवढी एक नको ना," खुळखुळा म्हणाली. "ती राहू दे."

"आणि तुला नेलं तर? मग काय करू मी?"

चार दिवस ताई शिंकत राहिली. शिंकायची, भिंतीकडे वळायची, बाबांच्या आवाजात बोलायची. अकरा, आठ, सहा. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी शून्य. ताईचा जीव भांड्यात पडला.

परीक्षेत खुळखुळा पहिली आली. दुपारी ती गळ्यात बिल्ला घालून घरी आली, चपला जागेवर ठेवल्या आणि खुर्चीत बसली.

"शिंकेचं विचारलं का गं?" ताईने विचारलं.

"नाही. कोणी विषयही काढला नाही."

ताईने दार लावलं, खिडकी लावली. "आता आपणच आहोत. आता हस तू." ती शिंकली. इतकी छान शिंक तिला आजवर जमली नव्हती. "अहो भिंतकाकू!"

खुळखुळ्याने तिच्याकडे बघितलं. मग शहाण्या मुलीसारखे ओठ रुंदावले. "एवढं बास, का अजून हसू?"

ताईने घाईघाईने जुना मापक काढून तिला बांधला आणि पुन्हा शिंकली. काटा शून्यावर. काचेवर टिचकी मारली. शून्य. अडकला असेल, स्प्रिंग गेली असेल, जुनाच तर आहे, असं पुटपुटत तिने तो सोडवून स्वतःच्या मनगटाला बांधला.

काटा सरसर चढला आणि पार टोकाला जाऊन थडथडत राहिला. मापकात काही बिघाड नव्हता. ताई मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

खुळखुळा उठून जवळ आली. तिने ताईचा हात आपल्या मांडीवर घेतला, काटा नीट बघितला, आणि अगदी ताईच्याच समजुतीच्या सुरात म्हणाली, "घाबरू नकोस. तुझी तपासणी पुढच्या महिन्यात आहे ना? मी शिकवते तुला."