शिगोशीग भरलेला कप

ह्यांनी इस्त्री किती जड आहे ते पाहायला ती सूनबाईच्या वजनकाट्यावर ठेवली आणि काटा बंद पडला. "सहज ठेवली होती गं," एवढं म्हणून त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या चहाघरात केक पोचवायचा होता. चहाघरवाल्या बाईंनी सूनबाईच्या हातचा केक एकदा चाखला होता. "अगदी तसाच पुन्हा आणलास, तर रोजचा केक तुझ्याकडून," असं त्या म्हणाल्या होत्या. नोकरी सुटल्यापासून पोर याच एका शब्दावर उभी होती.

तिचं सगळं ग्रॅममध्ये. मैदा दोनशे चाळीस. तिने मैद्याचा पुडा फिरवून पाहिला. त्यावर छापलं होतं, एक कप म्हणजे एकशे वीस ग्रॅम.

"म्हणजे दोन कप. आई, तेवढा मैदा घालता? मी लोणी फेटते."

मी घातला. माझा रोजचा नेम असा, की प्रार्थना झाली की शेजारच्या आजींना कपभर पीठ नेऊन द्यायचं. देवाच्या नावानं दिलेलं माप कमी पडू नये म्हणून बोटांनी दाबून, वर शीग लावून भरायचं. हाताला वळण तेच.

ओव्हनमधून केक निघाला तेव्हा ह्यांनी त्याच्यावर टिचकी मारली. "आत कुणी आहे का हो?"

मला हसू येईना. डोळेच भरून आले. "माझ्या हातानं तुझं काम बुडालं गं."

"बुडतंय कसलं! अजून वेळ आहे," ती म्हणाली. केकचा कडक काठ मोडून तिने तोंडात टाकला, थोडा वेळ चावत राहिली आणि एकदम म्हणाली, "आई, आजींना भरता तसा एक कप भरा बरं."

मी भरला, पण बोट दाबायला धजेना.

"असा हात चोरून नाही. नेहमीसारखा दाबा."

तिने कपड्यांचा हँगर खुंटीला टांगला. दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या अडकवल्या. एकीत माझा मैदा ओतला. दुसरीत मापाच्या खुणा असलेल्या जगमधून पाणी, धार बारीक करत करत. हँगर आडवा सरळ झाला तशी ती थांबली.

"पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. जगमधून गेलं एकशे साठ. म्हणजे आईंचा कप एकशे साठचा!"

"मग तूच हलक्या हातानं भर की," हे पेपरमागून बोलले.

तिने स्वतः दोनदा भरून पाहिला. दोन्ही वेळा हँगर वेगवेगळा कलला. मग मला पुन्हा भरायला लावला. जगमधलं पाणी पुन्हा त्याच खुणेवर आलं.

"बघा बाबा. माझा हात डुगडुगतो. आईंचा बसलेला आहे. आई, तुम्ही हात मुळीच बदलू नका, आकडा मी बदलते. दोनशे चाळीस म्हणजे आईंचे दीड कप."

दुसरा कप तिने कागदावर पालथा केला आणि सुरीने ढिगाचे बरोबर दोन भाग केले. माझ्या चुकीला नावं न ठेवता तिने त्या चुकीचंच माप करून टाकलं होतं. मी नुसती तिच्या बोटांकडे बघत राहिले. एवढी हुशारी आणि एवढी माया एकाच पोरीत घालताना देवानं हात जरा सैल सोडला असावा.

या वेळी केक फुगला, हलका झाला. चहाघरवाल्या बाईंनी उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला, मग खुर्ची ओढून दुसरा. "उद्यापासून," त्या म्हणाल्या. सूनबाई धावतच घरी आली आणि माझ्या गळ्यात पडली.

संध्याकाळी हे गुपचूप नवा काटा घेऊन आले. तिने तो ओट्यावर ठेवला, पण लगेच वापरला नाही.

"आई, एक कप भरा."

मी दाबून, शीग लावून भरला. तिने मैदा काट्यावर ओतला. एकशे साठ.

"काटा चालेल. ठेवू या," सूनबाई म्हणाली.

"आल्या आल्या सासुरवास बिचाऱ्याला!" हे म्हणाले.